आईची मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आहे, बेळगावला न्यायचंय. तयारी काय करू?

आई ५४ वर्षांची, खानापूर तालुक्यात गावी असते. डाव्या बाजूला गाठ लागतेय, पण दुखत नाही म्हणून भाताची लावणी उरकेपर्यंत कुणाला बोललीच नाही. डॉक्टरांनी मॅमोग्राफी करून या म्हणून सांगितलंय. शेजारच्या काकू तिला म्हणाल्या, "दोन फळ्यांत धरून दाबत्यात, जीव जातोय." तेव्हापासून आई नकोच म्हणते. मंगळसूत्र काढावं लागतं हे कळल्यावर तर जास्तच. उपाशी न्यायचं का? आत बाई असते का? फॉर्म कन्नडमधून असला तर तिला वाचता येत नाही. सोमवारी जायचंय, कृपया सांगा.

---

ताई, आईंना नक्की घेऊन जा. गाठ दुखत नाही म्हणजे काळजी नाही, असं नसतं.

माझी झालीय. दाबतात हे खरं, पण एका फोटोला काही सेकंदच. दोन्ही बाजूंचे दोन-दोन फोटो काढतात. दाबल्यामुळे आतलं नीट दिसतं आणि एक्स-रेही कमी लागतो. फार दुखलं तर लगेच सांगायचं. उपाशी राहायची गरज नाही, रोजच्या गोळ्या चालू ठेवा. पाळी येत असेल तर ती संपल्यावरच्या आठवड्यात कमी दुखतं. आईंची थांबली असेल तर कुठलाही दिवस चालतो.

त्या दिवशी काखेत, छातीवर पावडर, सेंट, क्रीम काही नको. पावडरीचे कण फोटोत पांढरे ठिपके होऊन दिसतात आणि उगाच शंका येते. कमरेपर्यंतचे कपडे काढावे लागतात, म्हणून साडीच बरी. मंगळसूत्र तुमच्या हातात द्यायला सांगा, बाहेर आल्या की लगेच घालतील.

बाई टेक्निशियन आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा, तसा आग्रह धरता येतो. फॉर्म मराठीतून समजावून घ्या, मगच सही. बेळगावात मराठी बोलणारं कुणीतरी भेटतंच.

रिपोर्टवर 'बायरॅड्स ०' दिसलं तर घाबरू नका. आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी, एवढाच त्याचा अर्थ. उलट रिपोर्ट नॉर्मल आला, पण गाठ हाताला लागतेच आहे, तर तिथे थांबू नका. काही गाठी मॅमोग्राफीत दिसत नाहीत. डॉक्टरांना सोनोग्राफीबद्दल विचारा. आधीचे रिपोर्ट असतील तर सोबत न्या, आणि गाठ नेमकी कुठे आहे ते आईंनी आत गेल्यावर बोट ठेवून दाखवावं.