मदत हवी आहे: स्ट्रोकनंतर बाबांचा सीआरपी उतरला, पण हात हलेना

नमस्कार. बाबा ६७ वर्षांचे, डायबेटिस जुना. १८ दिवसांपूर्वी पहाटे हातातून चहाचा कप निसटला. उजवी बाजू लुळी, जीभ जड. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सहा तास उलटले होते. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे तिथे कळलं.

सीआरपी (शरीरात कुठे दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन) पहिल्या दिवशी ९, पाचव्या दिवशी ७४. तेव्हा न्यूमोनिया निघाला, अँटिबायोटिक सुरू झालं. दहाव्या दिवशी २६ वर घरी सोडलं. परवा दुसऱ्या लॅबचा मुलगा घरून रक्त घेऊन गेला, रिपोर्ट आला २.४. पेढे वाटायचेच बाकी होते.

पण हातात काडीचा फरक नाही. बोटं मुठीत आवळलेली, चमचा धरवत नाही. आणि गंमत म्हणजे ७४ होता त्याच आठवड्यात पाय थोडा उचलायला लागले होते! मोठे काका म्हणतात, मेंदूची सूज पूर्ण उतरेस्तोवर व्यायाम नको, त्यापेक्षा कोल्चिसिन (दाह कमी करणारी गाउटची गोळी) चालू करा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. फिजिओच्या ताई म्हणतात एक दिवस चुकवू नका. कोणाचं ऐकू?

प्रतिसाद: मी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही. २.४ च्या पुढे युनिट काय छापलंय? काही लॅब लिटरमागे देतात, काही डेसिलिटरमागे. दहापटीचा फरक पडतो.

धागाकर्ती: अरे देवा. मिग्रॅ/डीएल आहे. म्हणजे २४?

प्रतिसाद: हो, २४. आता मुद्दा असा की कारण गेलं की सीआरपी साधारण १९ तासांत निम्मा होतो. सहा-सात दिवसांत २६ चा २४ म्हणजे कुठेतरी दाह अजून धुमसतोय.

प्रतिसाद: मी फिजिशियन आहे. सीआरपी लिव्हरमध्ये बनतो. तो मेंदूची सूज दाखवणारं मीटर नव्हे, छातीत, लघवीत, पाठीच्या जखमेत काही असलं तरी चढतो. हाताची प्रगती त्यावर मोजू नका. फिजिओ थांबवायची का, हे ताप, बीपी, दम बघून तुमचे डॉक्टर ठरवतील. कोल्चिसिन स्वतःहून मुळीच नको. चीनमधल्या चान्स-३ चाचणीत, २०२४ साली निकाल आला, सीआरपी वाढलेल्या ८,३४३ रुग्णांवर ते वापरून पाहिलं. तीन महिन्यांत पुन्हा स्ट्रोक येण्याचं प्रमाण कमी झालं नाही. लघवीची नळी आहे का अजून? पाणी पिताना ठसका लागतो?

धागाकर्ती: नळी काढली. ठसका लागतो, चहालासुद्धा. आम्हाला वाटलं घाईने पितात.

प्रतिसाद: ठसका म्हणजे पातळ पदार्थ श्वासनलिकेत जात असेल, त्यातूनही न्यूमोनिया होतो. पातळ काहीही देणं आत्ताच थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडावाटे काय द्यायचं आणि गोळ्या कशा द्यायच्या, तेही त्यांनाच विचारा. डायबेटिसच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगा.

धागाकर्ती: फोन झाला. लगेच घेऊन या म्हणाले. गाडी काका काढतायत.