देणगीच्या पैशातून परदेशी सायकल राइड: पटतं का तुम्हाला?

चढउतार
व्हिएतनाममधल्या सायगॉनपासून कंबोडियातल्या अंकोरपर्यंतच्या, देणग्या जमवून केलेल्या सायकल राइडवरचा 'सायगॉन ते अंकोर: सहलही, सेवाही' हा परवाचा लेख वाचून राहवलं नाही. प्रतिसादात मावणार नाही म्हणून वेगळा धागा काढतोय. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं: ओळखीपाळखीच्यांकडून ठरलेली रक्कम जमवा, संयोजक त्यातूनच विमान, हॉटेलं, जेवणखाण भागवतात आणि उरलेलं मुलांच्या शिक्षणाला जातं. निम्मे पैसे खर्चात गेले तरी निम्मे पोचले, हे काय कमी आहे? शेवटच्या दिवशी अनाथाश्रमाला भेट. आणि या सगळ्याला नाव 'जबाबदार पर्यटन'.

राइडला माझा विरोध नाही. मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशातले कालवे, फेरीबोटीवर सायकली चढवणं, चाउ डॉकवरून व्हिएतनामची हद्द ओलांडून कंबोडियात नॉम पेन्ह गाठणं, हे ज्याला जमेल त्यानं जरूर करावं. पण स्वखर्चानं. आणि जमवलेली पै न पै संस्थेला द्यावी. माझी मावशी पेन्शनमधून देणगी देते ती मुलांच्या वह्यापुस्तकांसाठी, भाच्याच्या हॉटेलातल्या खोलीसाठी नाही.

अनाथाश्रमाच्या भेटीचं तर वाचवेना. कंबोडिया सरकार आणि युनिसेफ यांच्या २०११ च्या अहवालात आलेलं आहे की पाच वर्षांत तिथले अनाथाश्रम ७५ टक्क्यांनी वाढले, आणि त्यातल्या चारपैकी जवळपास तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते. पाहुणे येतात, पैसे देतात, म्हणून मुलं घरातून उचलून तिथे ठेवली जातात. ही साखळी आपणच चालवायची का?

तिसरा_गिअर
पूर्णपणे असहमत. राइडच नसती तर हे पैसे जमलेच नसते. शंभरातले पन्नास पोचणं बरं की शून्यातले शून्य? अमेरिकेत डॅन पलोटा या आयोजकानं १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस एड्स राइड, म्हणजे एड्सच्या कामासाठी देणग्या जमवणारी सायकल राइड, सुरू केली, तेव्हाही सगळे खर्चाच्याच नावानं ओरडत होते. त्या राइड्सनी एड्सच्या कामाला किती पैसा मिळवून दिला ते बघा. सगळ्यांना हिशोब फक्त समाजसेवेचाच मागता येतो.

चढउतार
पुढचंही सांगा की. खर्चावरून वाद झाले, संस्थांशी संबंध तुटले, २००२ मध्ये पलोटांची कंपनी बंद पडली. ज्यांच्यासाठी पैसा जमत होता त्याच संस्थांनी त्याच मार्गावर स्वतःची राइड काढली आणि ती २०२५ पर्यंत चालवली. म्हणजे राइड चालते, मध्यस्थाशिवायही चालते. अमेरिकेतलीच पॅन-मास चॅलेंज ही देणगीची राइड १९८० पासून सुरू आहे. तिथे सायकलस्वारानं जमवलेला सगळा पैसा डाना-फार्बर कर्करोग संस्थेला जातो, आयोजनाचा खर्च नोंदणी शुल्क आणि प्रायोजकांकडून निघतो.

तिसरा_गिअर
ती मॅसॅच्युसेट्समधली दोन दिवसांची राइड. तिथे कुणाला समुद्र ओलांडून विमानानं जायचं असतं? तुलना तरी धड करा.

हिरवळ
विमानाचा विषय निघालाच आहे तर, इतक्या लांब उडून जायचं, वातावरणात कार्बन सोडायचा आणि तिथे जाऊन सायकल पर्यावरणपूरक म्हणायची, हे मला कधीच पटलेलं नाही.

समोरचा_वारा
अवांतर आहे, पण बोलतोच. किलोमीटरमागे अमुक रक्कम असं सांगून देणगी घ्यायची, ऊन चढलं की सपोर्ट व्हॅनमध्ये बसायचं आणि संध्याकाळी 'पूर्ण केलं' म्हणून फोटो टाकायचा. आमच्या गटात असे चौघे होते. मी प्रत्येक मीटर पेडल मारून गेलो, आणि पदक सगळ्यांना सारखंच.

मागचा_झेंडा
समोरचा_वारा, अशा राइड्सवर शेवटच्या स्वाराच्या मागे राहणारी स्वयंसेवक म्हणून मी काम केलंय. एप्रिल हा तिथला सगळ्यात तापलेला महिना, तरी सुट्ट्या सोयीच्या म्हणून लोक तेव्हाच येतात. एका बाईंना घाम यायचा थांबला होता, बोलणं असंबद्ध झालं होतं, आणि त्या व्हॅनमध्ये बसायला तयार नव्हत्या. का, तर देणगीदारांना किलोमीटरचा शब्द दिलाय! अक्षरशः हात धरून बसवलं, बर्फ लावला, दवाखान्यात नेलं. तुमच्यासारख्यांच्या टोमण्यांच्या धास्तीनं माणसं जीव धोक्यात घालतात.

समोरचा_वारा
आजारी माणसाबद्दल मी बोललेलोच नाही. तोंडी वाक्यं घालू नका. सराव न करता येणाऱ्यांबद्दल बोलतोय. घरून निघण्याआधी लागोपाठ दोन दिवस लांब अंतर मारून न बघता परदेशात जायचं, हा कसला जबाबदारपणा?

मागचा_झेंडा
सरावाचा मुद्दा मान्य, पण तेवढाच. व्हॅन ठेवलेली असते ती बसण्यासाठीच. किलोमीटरमागे देणगी ही पद्धतच बंद करा. एकरकमी घ्या, म्हणजे उन्हात कुणाला हट्ट करावासा वाटणार नाही.

तिसरा_गिअर
किलोमीटरमागे नसेल तर लोक देणारच नाहीत. चुरस असते म्हणून देतात.

समोरचा_वारा
मग मारलेले किलोमीटर खरे सांगा. जीपीएसची नोंद जोडा. देणगीदाराशी खोटं बोलायचं नाही, एवढंच तर म्हणतोय सुरुवातीपासून.

सायगॉनकर (मूळ लेख माझा)
दोन दिवस वाचतोय. चढउतार, तुम्ही मला जवळजवळ चोर ठरवलंत. त्या आश्रमातली मुलं गाणी म्हणत होती, गळ्यात पडत होती. तो आनंद खोटा होता?

मागचा_झेंडा
आनंद खोटा नसेल. पण दर आठवड्याला नवा गट येतो, मुलं गळ्यात पडतात, गट निघून जातो. मुलांसाठी काम करणाऱ्या फ्रेंड्स-इंटरनॅशनल या संस्थेनं कंबोडियात 'मुलं म्हणजे पर्यटनस्थळं नव्हेत' ही मोहीम त्यासाठीच काढली. आपल्या मुलांच्या वर्गात असे अनोळखी लोक फोटो काढायला आलेले चालतील का तुम्हाला?

सायगॉनकर
नाही चालणार. बरं, भेट वगळा असं संयोजकांना कळवतो. पण स्वखर्चाची अट मला अजिबात मान्य नाही. मी पगारदार माणूस, तेवढे पैसे माझ्याकडे एकरकमी कधीच नसतात. तुमच्या नियमानं फक्त पैसेवाल्यांनीच परदेशात राइड करायची आणि समाजसेवेचं समाधानही त्यांनीच घ्यायचं.

चढउतार
हा मुद्दा वजनदार आहे, नाकारत नाही. मग उघडपणे मागा. पत्रकावर दोन वेगळ्या ओळी छापा: माझ्या प्रवासासाठी इतके, शाळेसाठी इतके. कुठल्या ओळीत द्यायचे ते देणाऱ्यानं ठरवावं.

सायगॉनकर
छापतो. पण आत्ताच सांगतो, पहिल्या ओळीत कुणी दमडीही टाकणार नाही.

चढउतार
मग आत्तापर्यंत ती दमडी त्यांना न सांगता घेतली जात होती. माझी तक्रार तीच आहे.