पी सिक्समधल्या (प्राथमिक शाळेच्या सहाव्या वर्गातल्या) लेकीला बर्न्सची उंदराची कविता पाठ करायची आहे, कशी शिकवू?

एअरशरमध्ये नवीन:
ऑगस्टमध्ये आम्ही स्कॉटलंडला आलो. लेक दहा वर्षांची आहे. २५ जानेवारीला रॉबर्ट बर्न्सचा जन्मदिवस, म्हणून त्या आठवड्यात शाळेत स्कॉट्स कविता म्हणायच्या आहेत. तिच्या वाट्याला 'टू अ माउस'ची पहिली दोन कडवी आली आहेत. पहिलीच ओळ 'वी, स्लीकिट, काउरिन, टिमरस बीस्टी'! मला निम्मे शब्द कळत नाहीत. आताच कुठे तिचं इंग्रजी बसायला लागलंय, ते यामुळे बिघडेल का, ही भीतीही आहे. शिवाय त्या दिवशी वर्गात हॅगिस देणार आहेत आणि आम्ही शाकाहारी आहोत.

दोन मुलांची आई, अलोवेजवळ:
ताई, इंग्रजी मुळीच बिघडणार नाही. स्कॉट्स म्हणजे मोडकं इंग्रजी नव्हे, ती वेगळी भाषा आहे. एके काळी इथल्या शाळांत ती बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा व्हायची. २०२५च्या कायद्याने गेलिक या इथल्या दुसऱ्या जुन्या भाषेबरोबर तिलाही अधिकृत दर्जा मिळाला. आज तुमच्या लेकीला शिक्षिका ती मुद्दाम म्हणायला लावतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

पाठांतराआधी तिला गोष्ट सांगा. बर्न्स शेतकरी होता. १७८५च्या नोव्हेंबरात नांगरताना फाळाखाली उंदराचं घरटं मोडलं. थंडी तोंडावर आलेली, आणि त्या जिवाने कणकण जमवून बांधलेलं घर गेलं. तो त्या उंदराशी बोलतो: अरे, इतका घाबरून पळू नकोस, मी काही तुझ्या मागे धावणार नाही. दुसऱ्या कडव्यात तो माणसाच्या वतीने माफी मागतो. एवढं कळलं की मुलं आपोआप हळू आवाजात म्हणायला लागतात.

आता शब्द. 'वी' म्हणजे चिमुकला, 'स्लीकिट' म्हणजे तुळतुळीत, 'काउरिन' म्हणजे अंग चोरून बसलेला. 'बिकरिंग ब्रॅटल' म्हणजे लगबगीची पळापळ. उच्चाराची एक खूण सांगते: इंग्रजीत 'ओ' येतो तिथे स्कॉट्समध्ये पुष्कळदा 'ए' येतो. होमचं हेम, स्टोनचं स्टेन, तसंच या कवितेतलं 'लेथ', म्हणजे 'मन धजत नाही'. हाउसचं मात्र हूस होतं. र ठसठशीत म्हणायचा, आणि तो मराठी मुलांच्या जिभेवर असतोच. माझ्या थोरल्याचं कौतुक झालं ते त्याच्या र मुळेच.

तो अडायचा 'पॅटल'पाशी. शेवटी व्हिडिओ कॉलवर माझ्या वडिलांना विचारलं. नांगराला चिकटलेली माती खरवडायचं ते दांडकं, हे ऐकल्यावर ते म्हणाले, "अरे, आम्हीही असंच खरवडायचो!" आजोबांच्या हातातलं दांडकं डोळ्यांपुढे आलं आणि पोरगा पुन्हा कधी अडला नाही.

जमलं तर रविवारी तिला अलोवेला घेऊन या. १७५९मध्ये बर्न्स जन्मला ते गवताने शाकारलेलं घर अजून उभं आहे, वडिलांनी स्वतः बांधलेलं. ते बुटकं घर बघितलं की हा कवी कुठल्या मातीतून आला ते मुलांना सांगावं लागत नाही. मला तिथे दर वेळी बहिणाबाई आठवतात. शेतात राबणारी माणसं, आणि घरात बोलायची तीच भाषा कवितेत.

एडिंबराहून:
हॅगिसबद्दल शाळेच्या ऑफिसला आजच कळवा. मूळ हॅगिसमध्ये मेंढीचं काळीज, यकृत, फुप्फुस असतं. डाळी, ओट्स आणि भाज्यांचं शाकाहारी हॅगिसही सगळीकडे मिळतं. बरोबरचे 'नीप्स अँड टॅटीज' म्हणजे सलगमाच्या जातीचा कंद आणि बटाटा कुस्करून, त्यात मांस नसतं. लोणी मात्र असतं. शब्द अडले तर 'डिक्शनरीज ऑफ द स्कॉट्स लँग्वेज' इंटरनेटवर फुकट आहे.

एअरशरमध्ये नवीन:
दोघांचेही मनापासून आभार. काल गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "मग तो उंदीर थंडीत राहिला कुठे?" आता तिला आठही कडवी हवी आहेत. शेवटच्या कडव्यात ई, वर स्वल्पविराम, परत ई असा एक शब्द आहे, तो कसा म्हणायचा?

दोन मुलांची आई, अलोवेजवळ:
नुसता लांब 'ई'. डोळा. मी, दी, ई, सी असं यमक जुळतं बघा. तिथे तिला थोडं थांबायला सांगा.