अपार्टमेंटातली कुत्री-मांजरं आणि आपले शेजारी: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, बेळगावात बैठी घरं पाडून चार-चार मजल्यांच्या बिल्डिंगी झाल्या. पूर्वी कुत्रं अंगणात असायचं, आता ते दुसऱ्या मजल्यावर असतंय आणि त्याच्या वर, खाली, बाजूला माणसं राहतात. तुमच्याकडं कसं चाललंय ते लिहा. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठलेही असा. पाळणाऱ्यांनी लिहाच, पण न पाळणाऱ्यांनी जास्त लिहा, त्यांचं कोण ऐकून घेत नाही. सुरुवात मी करते.

अनगोळ, दुसरा मजला

आमचा मोती गावठी, पांढरा. दोन वर्षांमागं एप्रिलमध्ये खालच्या काकूंनी टेरेसवर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या होत्या, आमचं दार उघडं राहिलं आणि हा थेट वर. पापड्या तुडवल्या नाहीत त्यानं, कागदाच्या कडेला उभं राहून फक्त अंग झाडलं. मी वर जाऊन बघते तर ओल्या पापडीवर बारीक बारीक केस चिकटलेले, नखानं काढायला गेलं की पापडीच निघून येतेय. काकू काही बोलल्या नाहीत. कागद गुंडाळला आणि खाली गेल्या. मग तीन महिने बोलणंच बंद, जिन्यात मोती दिसला की भिंतीला टेकून उभ्या राहायच्या.

मला वाटायचं पापड्यांचा राग आहे. शेवटी मी साबुदाणा घेऊन त्यांच्याकडं गेले, म्हटलं आपण दोघी मिळून घालूया, तेव्हा त्यांनी सांगितलं. लहानपणी गावात पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं आणि बेंबीभोवती १४ इंजेक्शनं घ्यावी लागली होती. त्या वेळची लस तशीच होती, पोटातच टोचायचे. आता दंडावर घेतात, ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, हे त्यांना माहीतच नव्हतं. मी मोतीचं लसीचं कार्ड आणून दाखवलं, तिसऱ्या महिन्यात पहिली रेबीजची लस आणि मग दरवर्षी, प्रत्येक तारखेवर डॉक्टरांची सही. त्यांनी चष्मा लावून सगळं कार्ड वाचलं. अजून त्याला हात लावत नाहीत आणि लावावा असं मी म्हणणारही नाही, पण दरवर्षी स्वतःहून विचारतात, "यंदाचं इंजेक्शन झालं काय गं त्याचं?" टेरेसवर वाळवण असलं की त्या मला सकाळीच फोन करतात, त्या दिवशी मी मोतीला वर नेत नाही.

शहापूर

आमच्या मांजरीनं समोरच्या कन्नड अक्कांच्या कपाटात, गोधड्यांच्या थप्पीत, तीन पिल्लं घातली. आम्ही दोन दिवस गल्लीभर शोधायलोय आणि त्या म्हणे मला माहीत होतं, पण तिला हलवू नका, डोळे उघडू देत. गोधड्या आम्ही धुऊन दिल्या. एक पिल्लू त्यांनीच ठेवून घेतलं.

टिळकवाडी

माझ्याकडं मुधोळ हाउंड आहे. २००५ साली पोस्टाच्या तिकिटावर आलेली हीच जात, आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातली. मित्राच्या शेतातून आणली. एक प्रामाणिकपणे सांगतो, फ्लॅटमध्ये ही जात आणायच्या आधी दहा वेळा विचार करा. पळायसाठीच जन्मलेलं जनावर आहे ते. पहिले चार महिने मी ऑफिसला गेलो की ती दाराशी बसून रडायची आणि शेजारचे दादा रात्रपाळी करून आलेले, त्यांना दिवसा झोप नाही. ते भांडायला आले तेव्हा मला वाईट वाटलं, पण चूक त्यांची नव्हतीच. आता पहाटे साडेपाचला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पाऊण तास पळवून आणतो, मग ती दुपारपर्यंत गाढ झोपते, दादा पण झोपतात. आणखी एक, तिला मराठी कळायचंच नाही. मी "ये, ये" करून दमलो आणि वरच्या मजल्यावरच्या अज्जींनी जिन्यातून नुसतं "बा इल्ली" म्हटलं तर शेपूट हलवत गेली. शेतात सगळे कन्नडच बोलायचे ना तिच्याशी.

हिंदवाडी, काहीही पाळत नाही

ताईंनी विचारलं म्हणून लिहितोय. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, ती कुत्र्याला भिते. लिफ्टचं दार उघडलं की आत मोठं कुत्रं, आणि मालक म्हणतात "काही करत नाही हो." तुम्हाला माहीत आहे ते काही करत नाही, तिला कसं माहीत असणार? पट्टा आखूड धरा, लिफ्टमध्ये मूल असेल तर पुढच्या फेरीला या, एवढंच मागणं आहे. आणि पाणी जपून वापरायला पाहिजे. पार्किंगमधली घाण धुवायला वॉचमन टाकीचं पाणी सोडतो, ते सगळ्यांचं असतंय. कागदानं उचलून मग बादलीभर पाण्यात भागतंय की. बंदी घाला असं मी मिटिंगमध्ये कधीच म्हटलं नाही, तशी बंदी असोसिएशनला घालताही येत नाही.

कॅम्प

हिंदवाडीच्या दादांचं अगदी पटलं. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालण्यावरून आमच्यात पण फार वाद झाले. शेवटी एकानं केंद्र सरकारचे भटक्या कुत्र्यांबद्दलचे २०२३ चे नियम छापून आणले. त्यात खायला घालायची जागा ठरवून द्यायचं काम रहिवासी संघाकडंच दिलंय, आणि ती जागा जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब हवी. आम्ही मागच्या कंपाउंडचा कोपरा ठरवला, वेळ रात्री नऊ. पावसात तिथं पत्रा टाकलाय. गेटवरची भांडणं थांबली.

वडगाव

पावसाळ्यात गोचिडांकडं लक्ष द्या सगळ्यांनी. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात बघत जा. आमच्या राणीला गोचिडांचा ताप आला होता, हिरड्या पांढऱ्या पडल्या तेव्हा कळलं.

गणपतीला आम्ही खानापूरजवळच्या गावी जातो, आणि राणीला बरोबर नेता येत नाही. गेल्या वर्षी किल्ली पहिल्यांदाच बाजूच्या अक्कांकडं दिली. त्यांना मराठी थोडंच येतं, मला कन्नड थोडं. ह्याच अक्कांनी आधी वासाची तक्रार केली होती. पहिल्या दिवशी रात्री फोन आला, भाताला तोंड लावलं नाही म्हणून, आवाज रडवेला. दुसऱ्या दिवशी आरती चालू असताना परत फोन. मी झांजांच्या आवाजातून बाहेर पळाले. त्या एवढंच म्हणाल्या, "ऊटा माडैती." जेवली.