मदत हवी आहे : रॉकीच्या मेंदूच्या इजेचं पुढे काय झालं?

'रॉकी ५' (१९९०) या सिनेमात सोव्हिएत बॉक्सर ड्रॅगोबरोबरच्या लढतीनंतर नायक बॉक्सर रॉकीच्या मेंदूला इजा झाल्याचं निदान होतं आणि त्याला रिंग सोडावी लागते. मग 'रॉकी बाल्बोआ' (२००६) मध्ये, पन्नाशी कधीच उलटलेली असताना, तो बॉक्सिंगच्या परवान्याच्या सगळ्या वैद्यकीय चाचण्या पास कसा होतो? परवाना देणारा बॉक्सिंग आयोग आधी नकार देतो, मग तो कळवळून बोलतो (इथे माझे डोळे दर वेळी भरून येतात) आणि परवाना मिळतो. जुन्या इजेचा उल्लेखच नाही!

दोन्ही सिनेमे सबटायटल लावून सलग पुन्हा पाहिले. 'सिनेमाच आहे, सोड' असं कृपया सांगू नका. 'रॉकी बाल्बोआ'मधल्या विजेत्या बॉक्सर डिक्सनबरोबरच्या दहा राउंडमध्ये डोक्यावर बसणाऱ्या प्रत्येक ठोशाला माझा जीव टांगणीला लागतो.

रॉकी साकारणाऱ्या आणि लिहिणाऱ्या स्टॅलोनने एखाद्या मुलाखतीत याचं कारण दिलंय का? नेमकं कुठे?