अनुभव धागा: ‘इथलंच आहे’ म्हणून तुम्ही काय घेता, आणि कशावरून?

धागाकर्ती, नौपाडा:
भाजीवाला म्हणतो ‘गावठी आहे ताई’. मॉलमध्ये ‘लोकल’ अशी हिरवी पाटी असते. सोसायटीच्या गटावर कुणीतरी ‘थेट शेतातून’ म्हणून फोटो टाकतं. यातलं तुम्ही काय घेता, कशावर विश्वास ठेवता, आणि चार पैसे जास्त मोजायला कधी तयार होता? ठाणे आणि नवी मुंबईकरांनी आपापले अनुभव लिहावेत. फॉरवर्ड नकोत, ते सगळ्यांकडे आहेत.

सुरुवात मी करते. आमच्याकडे रोजच्या भाताला वाडा कोलम. २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन (म्हणजे ठरलेल्या भागातल्या मालालाच ते नाव) मिळालं आणि बघता बघता दुकानोदुकानी वाडा कोलमच दिसायला लागला. तालुका होता तेवढाच राहिला, पोती वाढली. (२०१४ पर्यंत वाडा आपल्याच जिल्ह्यात होता, आता पालघरात.) मी दाणा तळहातावर घेऊन बघते. झिनी, म्हणजे वाडा कोलमच, बारीक असतो आणि फटफटीत पांढरा नसतो. चकचकीत पॉलिशचा तांदूळ चवीला चांगला असेलही, वाड्याचा असेलच असं नाही. पण खरं सांगायचं तर दाण्यापेक्षा मी माणूस बघते. आमचा वर्षाचा तांदूळ वाड्याकडच्या एका गिरणीतून येतो. गिरणीवाले काका फोनवर बजावतात, ‘जुना संपला, यंदा नवा देतोय, पाणी कमी घाला.’ असं पिशवीवर कुणी छापत नाही.

गाळ्यावरचा, तुर्भे:
एपीएमसीच्या, म्हणजे बाजार समितीच्या, फळबाजारात आहे, तेव्हा आंब्याबद्दल बोलतो. गिऱ्हाईक पेटीवरचं नाव वाचतं. देवगड किंवा रत्नागिरी, बस. हापूसचं मानांकन २०१८ मध्ये पाच जिल्ह्यांना मिळालं: सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे, पालघर. म्हणजे शहापूर-मुरबाडकडचा हापूससुद्धा कागदोपत्री अस्सल. तो उशिरा तयार होतो, मे महिन्यात, जेव्हा लोकांचं आंब्याचं बजेट संपलेलं असतं. पण पेटीवर ‘शहापूर’ लिहा आणि ठेवा ठाण्यातल्या दुकानात. हात लावणार नाही कुणी. चारशे किलोमीटरवरचा चालतो, घरामागचा चालत नाही.

आता कर्नाटकी मालाबद्दल. तो खोटा आंबा नाही, त्याचं गिऱ्हाईक वेगळं आणि दरही वेगळा. खोटं असतं ते पुढे किरकोळीत कुणीतरी पेटी बदलतो ते. पूर्वी पेटीतली रद्दी कानडी निघाली की लोक ओळखायचे. आता विकणारेही शहाणे झालेत, मराठी पेपर घालतात. तुम्ही देठापाशी वास घ्या. वरून पिवळाधमक आणि देठाला वासच नाही, तर ठेवून द्या. कार्बाइडने पिकवायला बंदी आहे, इथिलीन वायूला परवानगी आहे, त्यामुळे ‘पिकवलेला’ ऐकलं की लगेच घाबरायचं कारण नाही. काय वापरून पिकवला, ते विचारा.

दोघंही_नोकरीत, घणसोली:
ॲपवरून येतं ते खातो. पाकिटावर ‘स्थानिक शेतातून’ लिहिलेलं असतं, पण कुठल्या गावचं ते शोधून सापडत नाही. टोमॅटो लाल असला, कांदा सडका नसला की आमचं झालं. रात्री साडेनऊला कुणाच्या हातात एवढा उत्साह असतो?

खाडीकाठचा, बेलापूर:
आम्ही इथले आगरी. १९७० ला सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, आली, नंतर गावांची शेतं आणि मिठागरं संपादनात गेली. ज्या जमिनीत आजोबांनी भात लावला तिथे आता सेक्टर आहे, आणि सेक्टरमधल्या दुकानात ‘हातसडीचा गावरान तांदूळ’ काचेच्या बरणीत. दर बघून आजी हसली असती. असो, उगाळत नाही.

मासळीचं सांगतो. दिवाळे गावच्या मासळी बाजारात रविवारी गर्दी बघा. इमारतींतली मंडळी येतात आणि पापलेट, सुरमई मागतात. त्यातलं बरंचसं बर्फातून लांबच्या बंदरांवरून आलेलं असतं. शेजारच्याच पाटीवर खाडीची बोई, निवट्या, चिंबोऱ्या. तिकडे आमच्यासारखेच वळतात. बाई सांगत असते, ‘सकालचीच हाय गो बाय,’ पण नाव माहीत नाही म्हणून बाय पुढे जाते. जिताडा मात्र आता सगळ्यांना कळलाय, त्यामुळे तो आम्हालाच परवडेनासा झालाय!

नव्यांसाठी एक: पापलेट घेताना कल्ल्याजवळ अंगठ्याने दाबा. पांढरं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर राहू द्या. कोळीण चिडणार नाही. न दाबता घेणाऱ्याला मात्र ती ओळखून असते.

रोजचा_८_१२, कळवा:
इथे सगळे ‘जवळचं ते चांगलं’ असं धरूनच लिहितायत. मला ते मान्य नाही. लोकलच्या दारात उभं राहिलं की रुळांलगत पालक, माठ, भेंडीचे वाफे दिसतात. त्यांना पाणी कुठलं मिळतं ते नाक असलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. नाल्याच्या पाण्यातलं शिसं, कॅडमियम पालेभाज्या शोषून घेतात आणि धुऊन ते जात नाही, कारण ते पानाच्या आत असतं. आता सांगा, यापेक्षा स्थानिक भाजी कुठली? शेतापासून पिशवीपर्यंत जेमतेम दोन किलोमीटर! मी नाशिक किंवा जुन्नर-नारायणगावकडून ट्रकने आलेली भाजी घेतो आणि निवांत खातो. अंतर मोजण्यापेक्षा पाणी विचारा. सगळे वाफे नाल्यावरच असतात असा माझा दावा नाही, पण जुडीवर तसं लिहिलेलं नसतं. आणि तीच जुडी नाक्यावर ‘गावठी पालक’ म्हणून विकली जाते, हे माझ्या डोळ्यांदेखत होतं.

शेवळंवाली, ठाणे पूर्व:
कळवेकरांचं पालकापुरतं बरोबर, रानभाज्यांना ते लागू नाही. पहिल्या पावसानंतर स्टेशनबाहेर आणि जांभळी नाक्यावर मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बायका येतात. आधी शेवळं, मग टाकळा, भारंगी, फोडशी, करटुली. कुणी लावलेलं नसतं, कुणी फवारलेलं नसतं. पहाटेची गाडी पकडून आणलेलं असतं, आणि दुपारपर्यंत विकलं नाही तर पानं मान टाकतात, म्हणून ताजेपणाची खात्री वेगळी मागावी लागत नाही.

माझी निवडीची रीत सोपी आहे. जी बाई शेवळांच्या जुडीबरोबर काकडं देते, तिच्याकडून घ्यायचं. ही छोटी हिरवी आंबट फळं. त्यांचा रस घातल्याशिवाय शेवळं घशाला खाजतात. ती देणाऱ्या बाईला भाजी कळते. ती जुडीतलं एक शेवळ उलगडून आतला पिवळा भाग काढून टाकायचा हेही दाखवते. मॉलमध्ये करटुली थर्माकोलच्या ट्रेमध्ये मिळतात, मोठी, एकसारखी. ती लागवडीची असतात. वाईट नाहीत, पण रानातल्या बारक्या, गोल करटुल्यांची चव त्यांना नाही. आमच्या घरी हा वाद दर श्रावणात होतो आणि नवरा दर वेळी ट्रेच्या बाजूने असतो.

नेरूळचा_कांदा:
अलिबागचा पांढरा कांदा. २०२१ चं मानांकन यालाही आहे. भात काढल्यावर त्याच जमिनीत लावतात, उन्हाळ्याच्या तोंडावर पातीने विणलेल्या कांद्यांच्या वेण्या यायला लागतात. आम्ही तो कच्चाच खातो, तिखटपणा कमी म्हणून. सुटा पांढरा कांदा ‘अलिबाग’ म्हणून दिला तर मी घेत नाही. पण आता बाहेरच्या कांद्याच्याही वेण्या बांधतात, त्यामुळे एक फोडून चाखल्याशिवाय पैसे देत नाही. दुकानदार तोंड वाकडं करतो. करू दे.

गटाची_खजिनदार, खारघर:
२०१६ मध्ये राज्याने फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मोकळ्या केल्या, तेव्हापासून थेट विक्रीचे बरेच प्रयोग झाले. आमच्या सोसायटीनेही केला. शेतकरी चांगला होता, भाजीही उत्तम. अडचण आमची होती. त्याच्या शेतात मेथी आणि कोबी निघत होता, तेव्हा मेथी आणि कोबीच येणार. लोकांना ‘शेतातलं’ हवं होतं, पण ब्रोकोलीसकट. ‘परत कोबी?’ असे निरोप यायला लागले. शिवाय पानाला भोक दिसलं की तक्रार, आणि भोक नसलं की ‘फवारलंय वाटतं’. दोन्ही तक्रारी एकाच फ्लॅटमधून, हे विशेष. शेवटी टिकली ती कांदा, बटाटा, तूरडाळ आणि आंब्याची ऑर्डर. टिकाऊ माल आणि आंबा, एवढ्यावरच माणसं एकत्र येतात.

अंड्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून: तपकिरी कवच म्हणजे गावठी, असं नसतं. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो. पोल्ट्रीतल्या कोंबड्याही तपकिरी अंडी देतात आणि ती ‘गावठी’ म्हणून दीडपट दराने जातात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पनवेलजवळच्या त्यांच्या गावाहून आणतात. ती लहान असतात, एकाच टोपलीत तीन रंगांची, आणि दर आठवड्याला मिळतीलच असं नाही.

रोजचा_८_१२, कळवा:
खाडीकाठच्या भाऊंना एक विचारायचं होतं. पालकाला जे पाणी, तेच शेवटी खाडीत जातं. मग बोई, चिंबोरी तुम्ही घरी खाता का? खोचक नाही, खरंच विचारतोय.

खाडीकाठचा, बेलापूर:
खातो. पण आता आम्हीही विचारून खातो. कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी आल्यापासून आतल्या बाजूची, वर ठाण्याकडची मासळी कमी झाली आणि कधी कधी तिला रॉकेलसारखा वास येतो. म्हणून घरात आणताना जाळं कुठे लावलं होतं ते आधी विचारायचं. उरणच्या बाजूचं, मोकळ्या पाण्यातलं असेल तर घेतो. आतलं असेल तर स्वतःच्या चुलत भावाकडूनही घेत नाही, त्याला त्याचा राग येतो तरी.