पी 0.14 आला, मग खोकला गेला का?

गड्ड्यावरचा
सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगारांना जुनाट खोकला जास्त असतो का, यावर काल टपरीवर वाद झाला. हिशोबापुरते आकडे धरू: 80 माग कामगारांत 24 जणांना खोकला, कारखान्यात न जाणाऱ्या 80 जणांत 16. म्हणजे 30 टक्के आणि 20 टक्के. दोन्ही गट मिळून 25 टक्के, फरकाची प्रमाण त्रुटी (नुसत्या योगायोगाने फरक साधारण किती हलतो) 6.8 टक्के, झेड (फरक त्या त्रुटीच्या किती पट) 1.46, पी 0.14. मित्र म्हणाला, "फरक नाही, विषय संपला." मला हे पटत नाही. फरक सिद्ध झाला नाही आणि फरक नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शेंगाचटणी
काय बे, झेडने 1.96 ओलांडला नाही, म्हणजे पी 0.05 च्या खाली आला नाही, तर गप्प बसायचं. पी 0.14 म्हणजे, खरं प्रमाण सारखं असलं तरी एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात 14 वेळा नुसत्या योगायोगाने दिसतो. एवढ्यावर उद्या कोणीही पत्रक काढेल.

गड्ड्यावरचा
14 वेळा, मान्य. पण हीच टक्केवारी 800-800 माणसांत आली असती तर झेड 4.6. आणि फरकाचा 95 टक्क्यांचा पट्टा काढ, म्हणजे खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो: उणे 3 ते अधिक 23 टक्के. त्यात शून्य आहे, तसे 20 पण आहेत. तू फक्त शून्याकडे बघतोस.

कडक भाकरी
भांडण सँपलचं आहे. 1954 च्या साल्कच्या पोलिओ लशीच्या चाचणीत, जिथे निम्म्या मुलांना खोटी लस दिली, तिथे दोन्ही गटांत दोन-दोन लाखांवर मुलं होती. लकव्याचा पोलिओ लसवाल्यांत 33, दुसऱ्यांत 115. आजार विरळ, म्हणून लाखो लागले. 20 आणि 30 टक्क्यांतला फरक दहातल्या आठ वेळा पकडायला गटात तीनशेच्या आसपास माणसं पुरतात. 80 मध्ये हात घालून काय मिळणार होतं?

विडीवालीची लेक
तीनशे करा नाहीतर तीन हजार. ते 80 कुठले? चार शेडमधले वीस-वीस असतील तर धूळ एकच, बंद खिडकी एकच. झेड टेस्ट माणसं एकमेकांपासून स्वतंत्र धरते. इथे खरी त्रुटी 6.8 हून मोठी निघेल.
आणि "कारखान्यात न जाणाऱ्यां"त माझी आई धरलीय का? ती घरी बसून विड्या वळते, दिवसभर तंबाखूची भुकटी नाकात. शिवाय ज्याला फारच त्रास झाला तो माग सोडून रिक्षा चालवतो, म्हणजे तोही तुमच्या दुसऱ्याच गटात! फरक कमी दिसणारच.

शेंगाचटणी
मग तर बोलूच नका अजून.

गड्ड्यावरचा
ताईंचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. शेड जास्त घ्यायच्या, एकेकातून थोडे कामगार, विडीवाल्या वेगळ्या, माग सोडलेल्यांची वेगळी नोंद. आणि सुट्टीनंतर कामावर आल्या दिवशी छाती जड होते का, हे विचारायचंच. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराची ती जुनी खूण.
पण शेडमध्ये धूळ ओढणारा पंखा लावायला पी 0.05 च्या खाली यावा लागतो, हे कुठे लिहिलंय?

शेंगाचटणी
कुठेच नाही. पंख्याचं लाइट बिल कोण भरणार, ते मालकाला विचार.